उताऱ्याशी भांडणारे घारेमामा

परीक्षेत इंग्रजीचा उतारा देतात, तो वाचायचा आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं लिहायची, एवढी साधी गोष्ट. घारेमामा उतारा वाचायचे आणि त्याच्याशी भांडायला बसायचे. 'माकड झाडावर राहते' असं वर छापलेलं आहे आणि खाली 'माकड कुठे राहते?' असा प्रश्न आहे, तर कुठलाही विद्यार्थी 'झाडावर' असं लिहून मोकळा होईल. मामांनी लिहिलं होतं, 'द मंकी लिव्ह्ज ऑन द रूफ ऑफ मास्तर.'

यातला मास्तर मी. त्याच आठवड्यात डोंगरावरची वानरं खाली उतरून आमच्या घराची कौलं फोडून गेली होती.

"मामा, उताऱ्यात काय म्हटलंय ते लिहायचं," मी म्हणालो.

"विथ ड्यू रिस्पेक्ट, मास्तर," मामा म्हणाले, "उताऱ्यात लिवलंय ते जुनं हाय. झाडं राहिलीत कुठं? तुमी सोता काल कौलं शाकारलीत ना?"

'विथ ड्यू रिस्पेक्ट' हे त्यांनी युनियनच्या एका अर्जातून उचललं होतं. आता आपण समोरच्याला खोडून काढणार, याची ती आगाऊ सूचना असे.

गणपत घारे भिवपुरीच्या वीजघरात कामाला होते. डोंगरमाथ्यावरून पाणी खाली आणणारे जाडजूड लोखंडी नळ आहेत, त्यांच्या कडेकडेने चढायचं, कुठे गळतंय का बघायचं, नटबोल्ट तपासायचे आणि उतरायचं, हे त्यांचं काम. पोटऱ्या दगडासारख्या, मिशी पांढरी, डोक्याला गांधी टोपी. मी कॉलनीतल्या शाळेत इंग्रजी शिकवायला आलो आणि आम्हाला त्यांच्याच चाळीत खोली मिळाली. आमची मधली, त्यांची अगदी टोकाची. मामी माझ्या येण्याआधीच वारल्या होत्या. एक मुलगी पोशीरला दिलेली, तिच्यामागे तिच्या सासरची भातशेती. मुलगा लांब भिलाईला. सगळी कॉलनी त्यांना मामाच म्हणायची.

पन्नाशी ओलांडल्यावर मामा बाहेरून दहावीला बसले, याचं कारण सुपरवायझरची जागा. नळांवर सगळ्यांत जुना माणूस तेच, पण त्या जागेला मॅट्रिक लागे. मामांचे बाकीचे सगळे विषय भराभर सुटले. गणितात तर मी पाहत राहावं असे मार्क. फक्त इंग्रजी अडलं. तेव्हापासून मार्च आणि ऑक्टोबर हे त्यांचे दोन सण झाले आणि रोज दिवेलागणीला पाटी-पुस्तक घेऊन आमच्या ओट्यावर येणं हा नेम झाला.

त्या वर्षांत पर्यावरण हा शब्द शाळेत नवा नवा आला होता. त्यामुळे गाइडातले निम्मे उतारे जंगलांचे, प्राण्यांचे, नद्यांचे असत. मामांना तेवढेच हवे असत. वेळेचं महत्त्व, रेल्वेचा प्रवास असले उतारे ते पान उलटून मागे टाकत. "वेळेचं म्हत्त्व शिफ्टवाल्याला काय शिकवायचं?" म्हणत.

शब्दांचं मात्र त्यांना वेड होतं. कोणत्या जनावराच्या पिल्लाला काय म्हणतात, कोणतं जनावर कसं ओरडतं, हे पाठ करत ते नळाच्या कडेने चढायचे. मागचे मजूर सांगत, "मामा वर जाताना मेंढ्या मोजतात, खाली येताना बदकं." एकदा कँटीनमध्ये एक साहेब कुणावर तरी मोठ्याने खेकसत होते. मामा चहाच्या कपात तोंड घालून पुटपुटले, "डाँकीज ब्रे." साहेबांनी ऐकलं. "काय म्हणालात, घारे?" मामा शांतपणे म्हणाले, "प्रेअर साहेब. संध्याकाळची प्रार्थना." गाढवाच्या ओरडण्याला इंग्रजीत ब्रे म्हणतात, हे साहेबांना ठाऊक असावं, पण सगळ्यांसमोर ते सिद्ध करत बसणं त्यांना परवडणारं नव्हतं.

'काइट' या शब्दावर आमचा एक अख्खा आठवडा गेला. काइट म्हणजे पतंग आणि काइट म्हणजे घारसुद्धा, असं मी सांगितलं. मामा दुखावले. "आमची घार आन् पोरांचा पतंग एकच? घारीला कोण दोरी बांधतो?" आडनावाचा प्रश्न असल्याने मी पुढे गेलो नाही.

दर वेळी ते बरोबरच असत असंही नाही. देवमासा पिल्लांना दूध पाजतो, हे त्यांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही. "मासा तो मासा," म्हणाले, "दूध कुठनं आणणार?" मी चित्र दाखवलं. चित्रात दूध दिसत नव्हतं, त्यामुळे वाद तिथेच राहिला.

पण भेकराच्या शब्दावर ते खूश झाले होते. भेकराला इंग्रजीत बार्किंग डिअर म्हणतात, म्हणजे भुंकणारं हरीण, असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी पुस्तक मिटलं. "म्हंजे इंग्रजानं ऐकलेलं हाय," म्हणाले. "लांबनं ऐकलं तर कुत्र्यावानीच वाटतं. ह्यो शब्द खरा."

त्याच उताऱ्यात पुढे होतं, जंगल तोडलं की प्राणी दुसऱ्या जंगलात निघून जातात. प्रश्न : प्राणी कुठे जातात? मामांनी लिहिलं, 'दे डू नॉट गो. दे फिनिश.'

मी लाल शाईचं पेन उघडून बसलो. मामांनी मला काही समजावलं नाही. फक्त म्हणाले, "रविवारी वर चला." रविवारी मी त्यांच्यामागे धापा टाकत नळाच्या कडेने चढलो. अर्ध्या वाटेवर उजवीकडचा सगळा उतार बोडका होता. मधूनमधून बुंधे आणि विझलेल्या कोळशाच्या भट्ट्यांची काळी वर्तुळं.

"हितं भेकरं असायची," मामा म्हणाले. "पहाटपाळीला आलो की भुंकायची. आता त्या कडेला जायचं तर मधी नळ, खाली आमची कॉलनी, पलीकडं शेतं. दुसरं जंगल कुठं हाय ते उताऱ्यात लिवलंय का?"

लिहिलेलं नव्हतं. घरी येऊन मी त्या उत्तराला अर्धा मार्क दिला. माझी बायको शैला भाजी निवडत होती, ती म्हणाली, "पूर्ण द्या हो." मी म्हटलं, "बोर्डाचा परीक्षक देणार नाही." आणि परीक्षकाने कधी दिलाही नाही. मामा दर वेळी नापास होत, आणि दर वेळी दोन-चार मार्कांनी. निकाल लागला की ते दिवेलागणीला यायचे, नेहमीच्या जागी बसायचे आणि म्हणायचे, "चला मास्तर, पयल्यापासनं घेऊ." चेहऱ्यावर दुःखाचा लवलेश नसे. मला वाटे, काय जिद्दीचा माणूस आहे.

मग एक दिवस वीजघरातले मोठे साहेब मला रस्त्यात भेटले. म्हणाले, "तुमच्या विद्यार्थ्याला सांगा, जागा आता जास्त दिवस रिकामी ठेवता येत नाही. मार्चला पास झाले तर ठीक, नाहीतर बाहेरून पोरगा येईल." तो पोरगा मामांना हुकूम देणार, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. मी शिकवणी दुप्पट केली. मामा दुप्पट वेळ बसले आणि दुप्पट भांडले.

त्या हिवाळ्यात एका दुपारी कर्जतचं काम लवकर आटोपून मी घरी परतत होतो. मामांची पहाटपाळी झालेली होती. त्यांच्या खोलीसमोरच्या पायरीवर ते आणि आमची मंजू बसलेली दिसली. मंजू तेव्हा चौथीत होती. मामांच्या मांडीवर माझ्याच कपाटातलं एक इंग्रजी पुस्तक होतं, हत्तींबद्दलचं. ते मोठ्याने वाचत होते. दुष्काळात म्हातारी हत्तीण कळपाला जुन्या पाणवठ्याकडे घेऊन जाते, असा भाग होता. न अडखळता, पूर्णविरामाला थांबत, स्वल्पविरामाला श्वास घेत ते वाचत होते आणि प्रत्येक वाक्य मंजूला मराठीत सांगत होते. मधल्या अवघड शब्दांवर मी स्वतः थांबलो असतो. मामा थांबले नाहीत.

"मग हत्तिणीला पाणी सापडलं?" मंजूने विचारलं.

"उताऱ्यात सापडलं हाय," मामा म्हणाले, "म्हंजे सापडलं." भांडण नाही, काही नाही.

मी मागच्या मागे वळलो आणि स्वयंपाकघराच्या दाराने घरात शिरलो. शैलाला सांगितलं, "या माणसाला इंग्रजी येतं. माझ्याइतकं येतं. हा मुद्दाम नापास होतोय."

शैला पोळी लाटत होती. तिने लाटणं थांबवलं नाही. "मला दिवाळीपासून माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्ही सभेला गेला होतात तेव्हा त्यांनी रेडिओवरच्या इंग्रजी बातम्या मला मराठीत सांगितल्या होत्या. सगळ्या."

"मग बोलली का नाहीस? त्यांची जागा जाते आहे."

"पास झाल्यावर ते कोणत्या निमित्ताने येणार आपल्याकडे?" तिने पोळी तव्यावर टाकली. "त्यांच्या खोलीत दिवा लावणारे तेच आणि मालवणारेही तेच. इथे मंजू भांडते, तुम्ही ओरडता, मी चहा देते. तुम्हाला वाटतं ते व्याकरणासाठी येतात?"

मी ओट्यावर जाऊन बसलो. मला आधी रागच आला. इतक्या संध्याकाळी मी घसा कोरडा केला होता. मग तो राग कुणावर काढायचा ते कळेना. टोकाच्या खोलीकडे पाहिलं. मंजू उठून खेळायला गेली होती आणि मामा पुस्तक मिटून रिकाम्या रस्त्याकडे बघत बसले होते.

संध्याकाळी ते नेहमीसारखे आले. मी शैलाला बजावलं होतं, काही बोलू नकोस, त्यांची शोभा होईल. तिने चहा आणला, मामांच्या हातात कप दिला आणि उंबऱ्यातच बसली.

"मामा, एक काम होतं," ती म्हणाली. "मंजूला जूनपासून पाचवी. इंग्रजी सुरू होईल. हे शाळेत सगळ्यांना शिकवतात, पण घरात हिला शिकवायला बसले की पंधरा मिनिटांत दोघांचं वाजतं. तुम्ही शिकवाल का तिला?"

मामांनी कप खाली ठेवला. "मी? वैनी, मी नापास मानूस."

"तेच म्हणते. नापास मास्तर आम्हाला चालणार नाही. मार्चमध्ये तेवढं पास होऊन घ्या."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी गाइडाची पानं उलटत राहिलो. त्यांनी शैलाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नसे, ती तिची खासियत आहे. मामांच्या लक्षात आलं असावं की यांना कळलंय. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"रोज यायचं?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"आन् रविवारी?"

"रविवारी जेवायलाच या."

मामांनी चहा संपवला. मग माझ्यापुढे उतारा सरकवला आणि म्हणाले, "मास्तर, विचारा." मी पाच प्रश्न विचारले. त्यांनी पाचही उत्तरं उताऱ्यातल्या वाक्यांतून उचलून बिनचूक सांगितली. एकाही प्रश्नाला त्यांनी आक्षेप घेतला नाही, आणि खरं सांगायचं तर मला ती शिकवणी जरा अळणी वाटली.

मार्चला मामा पेपर देऊन आले. जूनमध्ये निकाल लागला. इंग्रजीत त्यांना माझ्या शाळेतल्या पहिल्या आलेल्या मुलापेक्षा जास्त मार्क होते. ते पेढे घेऊन आले तेव्हा कॉलनीतले लोक मला हार घालायला निघाले, की मास्तरांनी कमाल केली. मी हार मामांच्या गळ्यात घातला.

सुपरवायझरची जागा त्यांना मिळाली. त्या जागेबरोबर वरच्या बाजूचं घर मिळतं, मोठं, दोन खोल्या, पुढे बाग. मामांनी ते घेतलं नाही. कचेरीत त्यांनी सांगितलं की वर वारा फार लागतो, बागेला पाणी घालायला हात नाही, आणि जुन्या खोलीत झोप चांगली येते. मोठ्या साहेबांनी मला गाठून विचारलं, "घारे वर का येत नाहीत?"

"त्यांची संध्याकाळची शिकवणी असते," मी म्हणालो.

"अजून? पास झाले ना?"

"आता ते घेतात."

त्या संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा मामा आमच्या ओट्यावर येऊन बसले होते. अंगात इस्त्रीचा सदरा, शेजारी पाचवीचं कोरं पुस्तक. मंजू अजून मैत्रिणीकडून यायची होती.

"चहा टाकू का, मामा?" शैलाने आतून विचारलं.

"पोरीला येऊ द्या," मामा म्हणाले. "सगळे बरोबर घेऊ."