आठल्ये काकांचा समुद्रावरचा बंगला

एका सरळ माणसाला मी चाळीस माणसांसमोर खोटं पाडलं, आणि ज्या खोट्यासाठी पाडलं ते खोटं माझं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे आठल्ये काकांच्या गोष्टी वाचताना तुम्हाला हसू येईल आणि हसता हसता मीही तुम्हाला भला माणूस वाटू लागेन. तसं वाटू देऊ नका.

आठल्ये काका वारज्याच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एकटे राहतात. त्यांची ओळख व्हायला हातात एक बॅग असली की पुरे. तुम्ही बॅग घेऊन जिना उतरलात की त्यांचं दार उघडतं. काका बॅग तुमच्या हातातून काढून घेतात, कानाशी नेतात आणि बंद पडलेलं घड्याळ हलवावं तशी हलवतात.

"हलतंय," ते म्हणतात.

मग तुमची गाडी चुकली तरी चालेल, पण बॅग तिथेच कट्ट्यावर उघडली जाते. मोजे बुटांत जातात, साबणाची डबी टॉवेलच्या पोटात जाते, दाढीचा ब्रश कुठे जातो ते मुक्कामी पोचल्यावरच कळतं. पाच मिनिटांत बॅग बंद होते आणि काका ती परत देतात. "आता हलवा." तुम्ही हलवता. आत चिटपाखरू नसल्यासारखी शांतता असते.

हीच कसोटी ते माणसांनाही लावायचे. माझ्या मेहुणीला एक स्थळ आलं होतं. मुलगा चहा पिऊन गेल्यावर बायकोने काकांना मत विचारलं. काका म्हणाले, "मुलगा बरा आहे. जरा हलतो." गणपतीत मी सोसायटीचा चिटणीस म्हणून वीस मिनिटं भाषण केलं. खाली उतरलो तेव्हा काका नुसते म्हणाले, "पोकळी फार. दहा मिनिटांत बसलं असतं."

ती वर्षं अमेरिकेची होती. सोसायटीतल्या दर दुसऱ्या घरातलं पोर संगणक शिकलं होतं आणि दर महिन्याला कोणाच्या तरी हॉलमध्ये दोन अवाढव्य बॅगा उघड्या पडलेल्या असायच्या. एका बॅगेत बत्तीस किलो चालायचं. काका वजनकाट्याला हात लावत नसत. बॅग उजव्या हाताने वीतभर उचलायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "एकतीस. मेतकुटाची पिशवी बसेल." मुंबईच्या विमानतळावर काटा बत्तीस दाखवायचा, आणि मुलाचे वडील तिथून फोन करून काकांना ते कळवायचे.

"कुकर रिकामा नेणं म्हणजे हवा नेणं. डाळ भरा त्यात." असं त्यांचं चालायचं. मुलाची आई डोळे पुसायला लागली की म्हणायचे, "वहिनी, काय रडायचं ते आत्ता रडून घ्या. झाकण लावल्यावर मी उघडणार नाही."

ही विद्या त्यांना कुठून आली, तर एका जुन्या सरदार घराण्याच्या पुण्यातल्या कोठीवरून. घराण्याचं नाव इथे लिहीत नाही. काका तिथे बावीस वर्षं नोकरीला होते. श्रीवर्धनच्या अलीकडे एका गावात या घराण्याचा समुद्रावरचा बंगला. दर उन्हाळ्यात घरातली मंडळी दोन महिने तिथे जायची आणि त्यांच्या आधी चाळीस पेट्या जायच्या. चादरींपासून चहाच्या कपांपर्यंत सगळं काकांनी भरलेलं. प्रत्येक पेटीवर चिठ्ठी, कुठली पेटी कुठल्या खोलीत, कुठल्या भिंतीला. पुढे कोठीच्या जागी दुकानांची इमारत उभी राहिली आणि काकांची नोकरी संपली, पण बंगला त्यांच्या बोलण्यातून गेला नाही. कोजागरीला गच्चीवर दूध उकळत असताना ते सांगायचे, "खालच्या दिवाणखान्यात वेताच्या चौदा खुर्च्या. तेरावीवर थोरल्या बाईसाहेबांशिवाय कोणी बसायचं नाही."

तुम्ही तिथे जात होता का, असं मी त्यांना कधी विचारलं नाही. इतकं माहीत असलेला माणूस तिथे गेलेला असणारच, हे मी धरूनच चाललो.

मग वर्तमानपत्रात जाहिरात आली. सरदारांच्या नातवाने बंगला सहलींसाठी खुला केला होता. सकाळी नाश्ता, दुपारी माशांचं किंवा शाकाहारी जेवण, संध्याकाळी परत. मी ताबडतोब सोसायटीची सहल ठरवली आणि फलकावर सूचना लावली : "सहलीचे मार्गदर्शक आपले सभासद श्री. आठल्ये. यांनी बावीस उन्हाळे या बंगल्यावर काढलेले आहेत."

त्याच संध्याकाळी काका वर आले. चपला दाराशी काढून उभेच राहिले.

"चिटणीस, ते बावीस उन्हाळ्यांचं काढा."

"का हो?"

"बरोबर नाही ते."

"मग तेवीस का?"

काकांनी नकारार्थी मान हलवली. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "काका, किती तो नम्रपणा!"

दोन दिवसांनी ते पुन्हा आले. मी हडपसरच्या ऑफिसशी फोनवर बोलत होतो. "माझं जरा ऐकून घ्या," काका म्हणाले. मी फोन कानाशी धरूनच त्यांना हाताने थांबा अशी खूण केली. फोन संपला तेव्हा ते गेलेले होते. खाली जाऊन विचारायला मला एकच मजला उतरायचा होता. उतरलो नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी पहाटे आमची बस निघाली. मी माझ्या ऑफिसमधल्या साहेबांनाही सहकुटुंब बोलावलं होतं. बढतीची बोलणी चालू होती आणि ऐतिहासिक घराण्याचा बंगला दाखवून त्यांच्यावर छाप पडेल असा माझा हिशेब होता. ताम्हिणीच्या घाटात सगळे गाणी म्हणत होते. काका पहिल्या बाकावर इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात ताठ बसले होते. मध्येच ते मला म्हणाले, "मी बाहेर झाडाखाली बसलो तर चालेल का?"

"मार्गदर्शक झाडाखाली? काहीतरीच काय!" मी म्हणालो.

खालच्या मजल्यावर काकांनी कमाल केली. "ग्रामोफोनचं टेबल हे. मागचा डावा पाय आखूड, खाली पुठ्ठा असेल." आमचे चेअरमन गुडघ्यावर बसले, हात घालून चाचपलं आणि ओरडले, "हाय की! पुठ्ठा हाय!" टाळ्या पडल्या. बंगल्याची माहिती सांगायला ठेवलेली मुलगी आपली वही काढून लिहून घ्यायला लागली. काकांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली लाली आली होती. खुर्च्या बाराच निघाल्या, तेव्हा तर ते त्या मुलीवर रागावलेसुद्धा.

"आता माडी," काका म्हणाले आणि चालू लागले. उजवीकडे वळले, पुढे भिंत. मागे फिरून डावीकडे गेले, तिथे कोठार. आम्ही चाळीस जण त्यांच्या मागे रांगेने आत आणि रांगेने बाहेर. तिसऱ्या फेरीला काका एका कपाटापुढे थांबले आणि त्याचं दार उघडून आत बघायला लागले. साहेब माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "युअर गाइड इज लॉस्ट."

जिना बाहेर, मागच्या ओसरीवर होता, ते त्या मुलीने नंतर दाखवलं. पण तोवर मी बोलून गेलो होतो. अगदी मोठ्याने, पुणेरी थाटात.

"काका, एकदा खरं सांगून टाका. आपण या बंगल्यात आयुष्यात कधी पाऊल तरी ठेवलंय का?"

काकांनी कपाटाचं दार हळूच लावलं. "नाही," ते म्हणाले.

आधी एक जण हसला, मग सगळे. चेअरमन म्हणाले, "मग बावीस उन्हाळं काय सपनात का, राव?" काकांनी माझ्याकडे पाहिलं. आता हा माणूस बोलेल, सूचना आपण लिहिली म्हणून सांगेल, याची ते वाट बघत होते. मी साहेबांकडे बघून हसलो.

जेवणाआधी मी माडीवर गेलो. तिथे बंगल्याचा म्हातारा राखणदार खिडक्या उघडत होता. त्याने विचारलं, "खाली हसत होते ते ज्यांना, ते पेट्या भरणारे आठल्ये ना?"

"तुम्ही ओळखता?"

"अक्षर ओळखतो. तोंड आज पाहिलं." आणि मग त्याने सांगितलं. पेट्या उघडायचं काम त्याचं. दर वर्षी एका पेटीवरच्या चिठ्ठीच्या पाठीमागे आठल्ये एक प्रश्न लिहून पाठवायचे. एकच. जूनमध्ये पेट्या परत जाताना हा त्याच्या खाली उत्तर लिहायचा. वरच्या खोलीतून समुद्र दिसतो का? दिसतो. भरतीचा आवाज खाली येतो का? येतो. "एकदा विचारलं, लाटा किती असतात? आता याला काय लिहू, साहेब? पुष्कळ म्हणून लिहिलं."

"मग ते स्वतः का नाही आले कधी?"

"सगळे इकडे आल्यावर तिकडची कोठी कोण बघणार? ते तिकडचं राखायचे, मी इकडचं."

पेट्या ज्या खोल्यांत जायच्या त्या काकांना पाठ होत्या. कुठल्याही पेटीला जिन्यात ठेवायचं नसतं.

मी खिडकीतून खाली पाहिलं. मंडळी पाण्यात खिदळत होती. काका बूट घालूनच ओल्या वाळूच्या कडेला उभे होते, हात पाठीमागे बांधून. लाट आली की ते एक पाऊल मागे सरत, गेली की पुन्हा एक पाऊल पुढे. बराच वेळ चाललं होतं ते. तेव्हाच खाली जाऊन त्यांचे पाय धरायला हवे होते. पण जेवणाची हाक आली आणि साहेब पानावर बसले होते, म्हणून मीही जाऊन बसलो.

पुण्याला आल्यावर काकांचं दार बॅग पाहून उघडेनासं झालं. कोणी बोलवायला गेलं तर म्हणायचे, "तुमचं तुम्ही भरा. माझ्या शब्दाचा काय भरवसा?" सोसायटीतली पोरं त्यांना जिन्यात गाठून विचारायची, "काका, अमेरिकेत किती उन्हाळे काढलेत?" एका मुलाची बॅग घरच्यांनी भरली. ती विमानतळावर उघडावी लागली आणि त्याच्या आईने मुंबईच्या फरशीवर मेतकूट गोळा केलं. तरी कोणी काकांकडे गेलं नाही. ज्याच्या शब्दावर बावीस वर्षं चाळीस पेट्या बिनचूक पोचल्या, तो आमच्याकडे थापाड्या ठरला होता.

एप्रिलमध्ये शेवटी मी एक मजला उतरलो. काकांनी दार उघडलं, मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी म्हणालो, "काका, मला माफ करा."

काकांनी खोलीभर नजर फिरवली. "इथे आपण दोघंच आहोत, चिटणीस. विचारलंत तेव्हा चाळीस जण होते."

एवढंच बोलून ते माझा रिकामा पेला विसळायला आत गेले.

सोसायटीची वार्षिक सभा ऑगस्टमध्ये झाली. पाण्याच्या टाकीवर दीड तास भांडण झालं, पार्किंगवर त्याहून जास्त. काका शेवटच्या रांगेत दाराजवळ बसले होते. चेअरमननी कागद गोळा करायला घेतले, तेव्हा मी उभा राहिलो.

"एक विषय राहिलाय," मी म्हणालो.

मागून काकांचा आवाज आला, "विषयपत्रिकेत नाही तो."

"ऐनवेळचा आहे, काका."

"बोलू द्या हो त्यान्ला," चेअरमन म्हणाले.

मी लिहून आणलेला कागद खिशातच ठेवला. "फेब्रुवारीच्या सहलीची सूचना मी लिहिली होती. बावीस उन्हाळे बंगल्यावर काढले, असं आठल्ये काका कधीही, कोणालाही म्हणालेले नाहीत. ते वाक्य माझं आहे. ते खोडा म्हणून सांगायला काका दोनदा माझ्या घरी आले. मी दोन्ही वेळा ऐकून घेतलं नाही. मग तिथे तुम्हा सगळ्यांसमोर मीच त्यांना खोटं पाडलं, आणि तुम्ही हसलात तेव्हा गप्प बसलो. काका खोटं बोलले नव्हते. खोटं मी लिहिलं होतं. काका, माझं चुकलं. मला माफ करा."

दाराजवळून काका म्हणाले, "आता हलत नाही."