गच्चीवरची मेथी

विकतच्या मेथीच्या जुडीत निम्मी माती निघाली आणि मी जाहीर केलं, "आजपासून बाजारची भाजी बंद. गच्चीवर पिकवणार!"

"आधी वर वाळत घातलेले कपडे काढून आणा," सुलेखा म्हणाली. (आमच्या घरात क्रांतीचं स्वागत असंच होतं.)

शहागंजात शफीकभाईंच्या बियाणांच्या दुकानात ही गर्दी! मी मागूनच ओरडलो, "घरच्यांना पुरेल असं काहीतरी द्या!"

"कितने खानेवाले?"

"चार. दोन मोठे, दोन छोटे. छोटे लई नखरे करतात."

"दूध?"

"रोज दोन लिटर." (घेतो, हे सांगायचं राहिलं.)

"तो ये लेके जाव. एक बार डालो, बरसों काटते रहो. पत्ता मेथी के जैसा."

यातलं 'मेथी' तेवढं मी ऐकलं.

उगवली हो! अर्ध्या बादलीत अंघोळी उरकून आम्ही उरलेलं पाणी गच्चीवर नेलं. भाजी जरा चरबट लागायची, पण मी तिला 'फायबर' म्हणायचो. (सुलेखा लहानपणीच शिकायला शहरात आलेली, त्यामुळं तिलाही शंका आली नाही.) ऑफिसात साहेबांनाही एक जुडी दिली. पण मला शाबासकी हवी होती ती एकाच माणसाची, पिशोरच्या सासूबाईंची. जावयाला शेतीतलं ओ की ठो कळत नाही, असं या द्वारकामामींनी लग्नातच सांगून टाकलं होतं आणि ते मला फार लागलं होतं.

त्या आल्या, जेवायला बसल्या. पहिलाच घास तोंडात घेऊन थांबल्या.

"जावईबापू, ह्यो घास हाय."

"एकच कसा, मामी? पोटभर घ्या!"

"अवो, घास! म्हशीचा!"

"म्हशीचा घास तुमच्या ताटात कसा येईल?"

मामी उठल्या, गच्चीवर गेल्या आणि मूठभर पाला आणून माझ्या नाकासमोर धरला. "लसूणघास हाय ह्यो. आमी गोठ्यात ह्योच टाकतो."

आमच्या सायलीनं ताट सरकवलं. "बाबा, आपण महिनाभर चारा खाल्ला?"

मला साहेब आठवले. तोंड कुठं लपवू असं झालं.

सुलेखा भडकली. "बघ गं आई! ह्यांच्यापायी..."

"गप गं," मामींनी तिला दटावलं आणि माझ्याकडं मायेनं बघितलं. "महिनाभर मुकाट खाल्लं बिचाऱ्यानं. शिंग नाय उगारलं, लाथ नाय मारली. असं गुणी जनावर... जावई, म्हंते मी... मिळाया नशीब लागतं!"