श्रीखंडाला अजून दोन वर्षं आहेत

वसंतकाकांकडे जेवायला गेलात, तर पानात वाढलेलं लगेच तुमचं होत नाही. आधी ते अमेरिकेचं असतं.

मी लंडनच्या पिनर उपनगरात राहायला आलो, तेव्हा शेजारी मराठी डॉक्टर आहेत म्हणून हरखलो होतो. पहिल्याच रविवारी सुनंदाकाकूंनी श्रीखंड-पुरीला बोलावलं. मी पुरी मोडणार, तेवढ्यात काकांनी माझा हात धरला.

"थांब! या तीन पुऱ्या म्हणजे सिनेट. मुदत सहा वर्षांची. दर दोन वर्षांनी त्यातली एकच पुरी निवडणुकीला उभी राहते, बाकीच्या दोन सेफ. बटाट्याची भाजी म्हणजे हाउस, तिथली लोकसभा. ती दर दोन वर्षांनी सगळीच्या सगळी नवी."

मी आशेने श्रीखंडाकडे बघितलं.

"हात लावायचा नाही! तो प्रेसिडेंट. त्याला अजून दोन वर्षं आहेत."

याला मिडटर्म म्हणतात. आपल्याकडे मध्यावधी निवडणूक सरकार कोसळलं की येते. ही अमेरिकेतली मात्र कोसळो न कोसळो, अध्यक्षाची निम्मी मुदत झाली की येतेच. "पण प्रेसिडेंट उभाच नसतो, तर मग एवढं काय?" असं मी विचारून बसलो. नको होतं विचारायला.

"अरे, पुऱ्या आणि भाजी विरोधकांनी नेली, तर नुसतं श्रीखंड किती खाशील? कायदे अडले, बजेट अडलं, वर चौकशा मागे लागल्या! चार वर्षांसाठी निवडून दिलं म्हणून काय झालं? मधे विचारावं लागतं!"

"मधे विचारावं लागतं" हे काकांचं पालुपद. स्वतः ते आयुष्यात अमेरिकेला गेलेले नाहीत. मे महिन्यात इथल्या कौन्सिलच्या निवडणुका आल्या, की दारावर मत मागायला येणाऱ्याला ते आत बसवून चहा पाजतात आणि समजावतात, की इथे मिडटर्म नाही, म्हणून लोक पंतप्रधानांवरचा राग तुम्हा कचरा-खड्डेवाल्यांवर काढतात. एकदा आत बसलेला माणूस पुन्हा आमच्या गल्लीत दिसत नाही. काका निवृत्त भूलतज्ज्ञ आहेत. समोरचा पेंगायला लागला तर त्यांना राग येत नाही, उलट ते आवाज हळू करतात.

काकूंना मात्र या सगळ्यात रस नव्हता. त्यांचा जीव लेस्टरमध्ये अडकला होता. त्यांची धाकटी बहीण तिथे राहते, आणि नवरा गेल्यापासून एकटीच असते. काकूंना तिच्याजवळ जाऊन राहायचं होतं. विषय निघाला की काका म्हणत, "घर घेतलं तेव्हाच ठरलंय. आता इथेच." त्यांची टोमॅटोची रोपं इथे, पेंगणारे श्रोते इथे. काकू आणखी एक पुरी तळत.

गेल्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी माझ्या पानात पुन्हा अमेरिका वाढली गेली. काका सिनेटची पुरी उचलणार, एवढ्यात काकूंनी श्रीखंडाचं भांडंच उचललं.

"अहो, आपल्या घरात मिडटर्म कधी?"

काका हसले. "इथे काय, मतं दोनच. टाय होणार."

"होऊ दे ना. पण घ्या."

रिटर्निंग ऑफिसर म्हणून माझी नेमणूक झाली. मी तोंडातला घास कसाबसा गिळला आणि विचारलं, "लेस्टरला जायच्या बाजूने कोण?"

काकूंनी पिठाचा हात वर केला. मी काकांकडे बघितलं. खरं सांगतो, त्यांनी हात वर करू नये असं मला मनापासून वाटत होतं. हा शेजार गेला तर रविवारी मला कोण छळणार होतं?

काकांनी टेबलाकडे बघत सावकाश हात वर केला.

"काका, तुम्ही तर विरोधात होतात!"

"होतो," ते म्हणाले. "पण लग्न झाल्यावर बर्मिंगहॅम मी ठरवलं, मग पिनरही मीच. दर वेळी मी जाहीर केलं आणि हिने सामान बांधलं. जगाला सांगत फिरतो, पण हिला मधे कधी विचारलंच नाही रे."

काकूंनी काकांच्या वाटीत श्रीखंड वाढलं आणि डोळे पुसायला पदर घेतला, तर त्यालाही पीठ लागलेलं होतं.

थंडी सुरू व्हायच्या आत ते लेस्टरला गेले. रोपं माझ्या गळ्यात पडली आणि मी ती यथासांग मारली. परवा काकांचा फोन आला. "मेहुणीला मिडटर्म समजावली. ती पेंगत नाही रे, उलट प्रश्न विचारते. फार अवघड बाई आहे." मी हसलो. मग त्यांनी एकदम विचारलं.

"तुझं काय? जेवतोस ना नीट? करमतंय का तिथे?"

"मधेच काय हे, काका?"

"मधेच विचारावं लागतं."

मी मजेत आहे म्हणालो आणि फोन ठेवला. इंग्लंडला आल्यापासून मला असं कोणी विचारलं नव्हतं.