दगडोबा अस्वलाचं टेबल

एका जंगलात, बाळांनो, सगळे प्राणी सुतारकाम जमिनीवर बसूनच करत. लाकूड पायांत धरायचं आणि रंधा मारायचा. असं का, हे कुणी विचारलं नव्हतं. म्हणून तर कामं होत होती.

तिथे दगडोबा नावाचं अस्वल राही. त्याच्या बायकोचे, गोदाक्काचे, दिवस भरत आले होते.

"अहो, बाळ यायच्या आत पाळणा करा," ती म्हणाली.

"करतो की! पण आधी सुतारकामाचं टेबल. टेबलाशिवाय काम म्हणजे निव्वळ रानटीपणा, गोदे."

"मग आपण राहतो कुठे? रानातच ना?"

दगडोबाने पडक्या डाकबंगल्याच्या सागवानी तुळया ओढून आणल्या. चार दिवस खिळे उपसले. एक राहिला, तो नेमका करवतीला सापडला. करवतीचे सहा दात गेले. रागाच्या भरात तुळईला चावला, तेव्हा दगडोबाचाही एक गेला.

मग रंधा. पण तुळई जमिनीवर डुगडुगायची. सपाट काही होईना.

"टेबल करायला आधी टेबल हवं," दगडोबा गंभीरपणे म्हणाला. म्हणून त्याने मोठ्या टेबलासाठी एक छोटं टेबल केलं. त्यात महिना गेला.

शेजारचं माकड रोज येई. एक डोळा मिटून तुळईकडे बघे. "किंचित वर आहे हं, दगडोबा." की पुन्हा रंधा!

अशात बाळ आलं. ते रंध्याच्या भुशात झोपू लागलं.

सासूबाई आल्या. बघून म्हणाल्या, "जावईबापू, हे लेकरू आहे की अढीतला आंबा?"

"टेबल होतच आलंय, सासूबाई."

म्हातारीने पदर खोचला. उरलेल्या फळ्या पायांत धरून बसली. दुपारच्या चहाच्या आत पाळणा तयार!

बारशाला टेबलही झालं. अगदी आरशासारखं.

"पाळणा जरा त्यावर ठेवू?" गोदाक्काने विचारलं.

"ओरखडा पडेल!" दगडोबा किंचाळला आणि बाळाचं दुपटं ओढून त्याने टेबलावर पांघरलं.

पाहुण्यांनी दुपट्याचं टोक उचलून पाहिलं, तर डोळे दिपले. माकड म्हणालं, "टेबल असं, म्हणून पाळणा असा!"

"अरे मेल्या, तो मी पायांत धरून केलाय," सासूबाई म्हणाल्या.

सगळे पोट धरून हसले. आजी भारीच थट्टेखोर!

आज त्या जंगलात बेचाळीस टेबलं आहेत. एकावरही ओरखडा नाही. पाळणा तेवढा एकच आहे.

तात्पर्य : पोरं काय, भुशातही वाढतात; टेबलाची मात्र काळजी घ्यावी लागते.