अविनाशचं स्थळ

आमच्या खालच्या मजल्यावरच्या कुंदामावशींच्या दाराच्या चौकटीला आतल्या बाजूने तीन खिळे ठोकलेले आहेत. एक पाच फुटांवर, दुसरा साडेपाचवर, तिसरा पाच फूट नऊ इंचांवर. बायोडेटात 'उंची पाच फूट नऊ' असं ठासून लिहिणारा मुलगा आत आला, की मावशी त्याच्या तोंडाकडे न बघता खिळ्याकडे बघतात. मग 'या, बसा' म्हणतात आणि वहीत गुपचूप पाच फूट साडेसहा लिहितात. मुलगे उंची वाढवतात आणि त्यांच्या आया पगार, असं त्यांचं एकूण निरीक्षण आहे.

मावशी गेली पस्तीस वर्षं धनकवडीत आपल्या दोन खोल्यांत वधू-वर सूचक केंद्र चालवतात. त्यातल्या 'सूचक'वर त्यांचा फार भर. "मी फक्त सुचवते. जुळवणारा वर बसलाय," म्हणून त्या छताकडे बोट दाखवतात. छताच्या वर आम्ही राहतो. त्यामुळे नवीन पालक जिन्यात भेटले की माझ्याकडे जरा आदराने बघतात.

वास्तविक मावशींच्या लेखी आमची किंमत शून्य. माझा आणि मुग्धाचा प्रेमविवाह. मावशी तो शब्द उच्चारत नाहीत. कुणाला ओळख करून देताना त्या आवाज खाली आणून सांगतात, "हे वरचे. यांचं परस्पर झालंय." जणू आम्ही विजेचं मीटर परस्पर जोडून घेतलंय. त्यांचं स्वतःचं लग्न झालेलं नाही. एकदा मी आगाऊपणे विचारलं, तर म्हणाल्या, "हलवाई आपल्या दुकानातलं खातो का?" विषय संपला.

एखादी गोष्ट पसंत पडली की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं: "पुढे जायला हरकत नाही." मुलाबद्दलही तेच, मेथीच्या जुडीबद्दलही तेच, आणि सोसायटीच्या गच्चीचं गळतीचं काम कुणाला द्यायचं यावर मीटिंगमध्ये तासभर खडाजंगी झाल्यावरही तेच. आणि एक नियम. अक्षता पडल्या की संबंध संपला. जमवलेल्या जोडप्याला पुन्हा फोन करायचा नाही, त्यांच्या घरी जायचं नाही, रिसेप्शनलाही नाही.

आता अविनाश. अविनाश हा मावशींचा बोका. पांढरा, कपाळावर काळा ठिपका. मला मांजरं आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. त्यातून या गृहस्थाने माझ्या स्कूटरच्या सीटवर नखं परजून परजून आतला स्पंज बाहेर काढलाय. मी तक्रार केली, तर मावशींनी सीटला अभ्रा शिवून दिला. अविनाशला नीट बसता यावं म्हणून. स्थळं बघायला आलेल्यांच्या मांडीवर तो न विचारता चढतो. जो त्याला झटकतो, त्याच्या फाइलवर पेन्सिलीने 'स्वभाव तापट' अशी नोंद होते.

गेल्या श्रावणातल्या एका मंगळवारी सकाळी मावशी आमच्या दारात उभ्या राहिल्या. केस विंचरलेले नव्हते. अविनाशला कालपासून लघवी होत नाही, नुसता कण्हतोय, एवढं कसंबसं सांगून त्या जिन्याच्या पायरीवरच बसल्या. मुग्धाने कपड्यांची बास्केट रिकामी केली, त्यात अविनाशला ठेवला आणि आम्ही रिक्षाने स्वारगेटच्या पुढे एका प्राण्यांच्या दवाखान्यात पोचलो.

तिथल्या डॉक्टर मुलीने त्याला तपासलं. लघवीची वाट खड्यांनी बंद झाली होती. तिने नळी घालून ती मोकळी केली, पण तासाभरात ती पुन्हा बंद झाली. ऑपरेशनला पर्याय नव्हता. उद्या सकाळपर्यंत केलं नाही तर मूत्रपिंडं जातील, मग हातात काही उरणार नाही, असं तिने अगदी स्वच्छ सांगितलं. खर्च सगळा मिळून चाळीस हजार. मावशींनी मान डोलावली आणि माझ्याकडे वळून कुजबुजल्या, "मुलगी स्पष्ट बोलते. लग्न झालंय का विचारा." पण पर्सची चेन त्यांना काही उघडेना, ती शेवटी मुग्धाने उघडली.

मावशींकडे बारा हजार निघाले. हल्ली लोक लग्नं मोबाइलवरच जमवतात, केंद्र नावापुरतं राहिलंय, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. दहा हजार मी दिले. हो, मीच. स्कूटरचं सीट आठवून पुन्हा पुन्हा स्वतःला शिव्या घालत दिले. राहिलेले अठरा मी जमवते, माझ्याकडे एवढे पालक आहेत, असं म्हणून मावशी अविनाशला तिथेच ठेवून घरी आल्या आणि लिहायला बसल्या.

आता ज्या बाईने पस्तीस वर्षं एकाच प्रकारचा मजकूर लिहिला, ती दुसरं काय लिहिणार? अर्ध्या तासात सगळ्या पालकांच्या मोबाइलवर हे गेलं: 'चि. अविनाश. रंग गोरा. उंची नऊ इंच. स्वभाव शांत, मनमिळाऊ. घरीच असतो. निर्व्यसनी. मांसाहार चालतो. जबाबदारी कुणाची नाही. अपेक्षा: अठरा हजार, आजच. इच्छुकांनी त्वरित संपर्क साधावा.'

फोटो पाठवायचा राहिला. आणि मावशींचे पालक म्हणजे गेली कित्येक वर्षं रोज दहा बायोडेटे गिळणारी माणसं, नीट वाचतंय कोण! पहिला निरोप आला, पत्रिका आहे का. दुसऱ्याने विचारलं, उंचीतले पाच फूट लिहायचे राहिले का. एका बाईंना घरीच असतो म्हणजे आयटीतला असणार, याची खात्री होती. मुलगी रविवारी मोकळी आहे म्हणाल्या. कर्वेनगरच्या एका गृहस्थांनी तर फोनच केला. अठरा हजार म्हणजे उघड उघड हुंडा, तोही आजच्या आज, कायदा माहिती आहे का तुम्हाला, म्हणून त्यांनी मावशींना दहा मिनिटं झापलं. मावशी शांतपणे ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं की तुमचा आवाज चढा आहे, मुलीचाही असाच आहे का.

मुग्धाने कपाळावर हात मारला. मांजर आहे आणि आजारी आहे, हे कुठे लिहिलंच नव्हतं. मावशींना त्यात काही चुकलेलं वाटलं नाही. दोष पहिल्या कागदात लिहीत नाहीत, भेटीत सांगतात, हे त्यांनी मुग्धालाच समजावलं.

दुपारचे तीन वाजले होते. एक पैसा आला नव्हता. मुग्धा म्हणाली, ज्यांची लग्नं तुम्ही जमवलीत, त्यांना विचारू या. मावशींनी नाही म्हणून सांगितलं. मुग्धाने पुन्हा विचारलं, तशा त्या अविनाशची रिकामी ताटली घेऊन मोरीकडे निघाल्या. मग थांबल्या.

"सुरुवातीला मी लग्नाच्या पत्रिकेची वाट बघायची गं," त्या म्हणाल्या. "साडी काढून ठेवायची. लग्न मी जमवलेलं, आणि तारीख मला दुसरीकडून कळायची. मध्यस्थ बाई मांडवात कशाला हवी लोकांना? मग मी नियम केला. आपणच जायचं नाही म्हटलं की वाईट वाटत नाही."

पस्तीस नाही तरी अकरा वर्षं मी त्या नियमाची टिंगल केली होती. मला माझीच लाज वाटली. मावशींनी कपाटातून जमलेल्या लग्नांची वही काढली, मुग्धासमोर ठेवली आणि त्या ताटली घासायला निघून गेल्या. बराच वेळ घासत होत्या.

मुग्धाने चार ओळी लिहिल्या. कोण आजारी आहे, काय झालंय, किती हवेत, कधीपर्यंत. या वेळी फोटोसकट. तिन्हीसांजेपर्यंत अठरा हजारांच्या वर जमले. कुणी पाचशे, कुणी हजार. काहींनी सोबत पोरांचे फोटो पाठवले. एकाने तीन हजार पाठवले आणि खाली लिहिलं, 'कमी केलेल्या इंचांचे, प्रत्येकी हजार.' मावशींनी चष्मा लावून नाव वाचलं आणि म्हणाल्या की तीन नव्हे, अडीचच केले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अविनाशला आत नेलं आणि आम्ही बाकावर बसलो. तेवढ्यात हेल्मेट हातात घेतलेली एक तिशीतली मुलगी आली. तिला बघून मावशी उभ्याच राहिल्या. ती प्राजक्ता. मावशींनी जमवलेल्या लग्नांपैकी तिचं आठ महिन्यांत मोडलं होतं. वहीत नाव होतं म्हणून निरोप तिलाही गेला, पुढचं मुग्धाला कुठून ठाऊक? मुलीने पाकीट पुढे केलं. मावशींनी हात मागे घेतले.

"तुझ्याकडून नको. माझी चौकशी कमी पडली."

"आमच्याही घरच्यांनी केली होती, मावशी. त्यांनाही नाही कळलं. सोडा आता ते. बोका कुठाय?"

पाकीट मुग्धाकडे देऊन ती मावशींच्या शेजारी बसली. मांडीवर लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम करत राहिली, अधूनमधून मावशींना पाणी देत राहिली. दुपारी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाली की सगळं व्यवस्थित झालं. मावशी आम्हा सगळ्यांसमोर पदर तोंडाला लावून रडल्या. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू.

अविनाश चार दिवसांनी घरी आला. गळ्यात प्लास्टिकची झालर, त्यामुळे महिनाभर माझी स्कूटर सुखात होती. उरलेले पैसे मावशींनी दवाखान्यातल्या दुसऱ्या एका मांजरीसाठी ठेवले. माझे मात्र दोन हप्त्यांत परत केले, पावती मागून घेतली.

परवाच्या रविवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात मावशी. नवी साडी. चहात घालायला आलं आहे का घरात, म्हणाल्या. मी तुकडा आणून दिला आणि विचारलं, नवीन स्थळ का?

"प्राजक्ता आलीये," त्या म्हणाल्या. "दोनदा विचारलं मी, काय काम काढलंस. म्हणते काही काम नाही, सहज आले."

आलं हातात घेऊन त्या तशाच उभ्या होत्या. माझ्या मनात आलं, मी तरी खाली कधी जातो? कुरियर आलं असेल तर.

"माझ्याकडे सहज कुणी येत नाही हो," मावशी हळूच म्हणाल्या. "सहज आलेल्या माणसाशी काय बोलायचं असतं?"

आल्याचा तुकडा जरा लहान वाटला, म्हणून मी आत जाऊन आणखी एक आणून दिला.