बंबावरची बुक्की

खारापाट नगरपालिकेकडे आगीचा बंब एकच होता आणि तो बुक्की मारल्याशिवाय सुरू होत नसे. गावाला यात वावगं काही वाटत नव्हतं. गाव खारव्यांचं, दर्यावर जगणाऱ्यांचं. दर नारळी पुनवेला होड्यांच्या जोडीने बंबाचीही पूजा व्हायची, पालिकेच्या प्रमुख हंसाबेन बॉनेटवर नारळ फोडायच्या आणि ते पाणी फटीतून झिरपत थेट वायरिंगच्या तारा जोडणाऱ्या कपलरवर जाऊन बसायचं. त्यात समुद्राची खारी हवा. कपलरच्या पिनांवर हिरवा कळंक इतका चढला होता की वीज तिथवर यायची आणि पुढे जायलाच तयार नसायची. डॅशबोर्डच्या डाव्या अंगाला नेमकी बुक्की बसली, की पिना क्षणभर एकमेकींना चिकटायच्या आणि बंब गुरगुरायला लागायचा.

ही नेमकी बुक्की फक्त वेलजीला जमायची. वेलजी रोजंदारीवर पाइप धरणारा गडी. चालक जुसबभाईंनी एकदा मारून पाहिली, तर समोरचा खण तेवढा उघडला. चीफ ऑफिसर त्रिवेदीसाहेबांनी कपलर दुरुस्त करण्याचा विचार केला नव्हता असं नाही. पण दुरुस्तीसाठी आधी बंब बंद असल्याचं सिद्ध व्हायला हवं, आणि तपासणीला कोणी आलं की वेलजी भाबडेपणाने बुक्की मारून तो चालू करून दाखवायचा. चालू वाहनाची दुरुस्ती हा सार्वजनिक निधीचा अपव्यय. तेव्हा साहेबांनी बुक्कीच नियमात बसवली आणि ‘वाहन आघात सहायक’ असं एक कायम पद वरच्या मंजुरीसाठी पाठवलं.

वेलजीला आभाळ ठेंगणं झालं. त्याचं आणि जयाचं जमून बराच काळ लोटला होता, पण जयाचे वडील करसनभाई अडून बसले होते. गाड्यांच्या वायरिंगचं त्यांचं दुकान बाजारात चांगलं चालायचं, आणि रोजंदारीवाल्याला मुलगी द्यायची नाही, हे त्यांनी येत्याजात्या गिऱ्हाइकालाही सांगून ठेवलं होतं. पदाची बातमी कानावर आल्यावर मात्र ते होणाऱ्या जावयाची बुक्की बघायला स्वतः बंबापाशी आले.

वेलजीने बुक्की मारली, बंब गुरगुरला, करसनभाईंनी समाधानाने मान डोलावली. वेलजी चहा-गांठिया आणायला गेला आणि तेवढ्यात घोटाळा झाला. जन्माची सवय, करसनभाईंचा हात आपसूक डॅशबोर्डखाली गेला. त्यांनी कपलर सोडवला, पिना पॉलिश पेपरने घासल्या, फडक्याने पुसल्या, बोटभर ग्रीस लावलं आणि कपलर खट्‌कन बसवला. नुसत्या चावीवर बंब सुरू झाला.

वेलजी परत आला तो दारातच थिजला.

“करसनकाका, हे काय करून बसलात?”

“अरे, नीट केला.”

“नीट केलात, मग मी कशाला हवा?”

त्रिवेदीसाहेबही धावत आले. त्यांना वेगळीच चिंता होती. पदाचा प्रस्ताव वर गेला होता. आता बंब बुक्कीशिवाय चालतो म्हटलं, तर आजवर काय करत होतात, हा प्रश्न खाली येणार. कोणाच्या परवानगीने नीट केलात, असं त्यांनी करसनभाईंना खडसावलं. करसनभाईंचा चेहरा उतरला. लग्न केलं तर वेलजीशीच, असं जयाने घरात बजावलं होतं, आणि मुलगी बापाच्याच वळणावर गेलेली. त्यांनी मुकाट्याने कोपऱ्यावरून नारळ आणवला, ग्रीस पुसून काढलं आणि आयुष्यभर ज्याच्याशी झगडले ते खारट पाणी स्वतःच्या हाताने पिनांवर ओतलं. वर मूठभर मीठही चोळलं. पंधरवड्यात बंब पूर्ववत बंद पडला आणि वेलजी कायम झाला.

लग्न बंबखान्यासमोरच्या पटांगणात लागलं. वेलजी रीतसर रजेवर होता. बदली म्हणून जन्मनोंदणीच्या टेबलावरच्या मनसुखला बुक्कीचं प्रशिक्षण देण्यात आलं होतं. ते टेबलावरच झालं होतं आणि टेबलाबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

हस्तमेळाप झाला, नवरा-नवरीचे हात कापडाखाली एकमेकांत गुंफले गेले, आणि बाजारातून बोंब आली की करसनभाईंच्या दुकानाला आग लागली आहे.

मनसुखने बुक्की मारली. खण उघडला. पुन्हा मारली, खण मिटला. वेलजीचा जीव तळमळत होता, पण त्याचा उजवा हात, अवघ्या गावातला तो एकमेव कामाचा हात, जयाच्या हातात बांधलेला. आता हात सुटला तर लग्न मोडलं समजा, असं लग्न लावणाऱ्या महाराजांनी सांगून टाकलं. “काका,” वेलजी बसल्या जागेवरून ओरडला, “तुम्हीच बघा.”

करसनभाई फेटा सावरत बंबात शिरले होतेच. कपलर त्यांच्या मुठीत होता, लग्नाच्या कोटाच्या खिशातूनही सवयीने ठेवलेला पॉलिश पेपर निघाला होता, आणि काम दोन मिनिटांचं होतं. त्रिवेदीसाहेब त्यांच्या कानाशी वाकले.

“करसनभाई, विचार करा. आता नीट झाला, तर सगळ्या गावादेखत नीट होईल.”

करसनभाईंनी बाजारातल्या धुराकडे पाहिलं. मग मांडवाकडे पाहिलं. पॉलिश पेपर त्यांनी परत खिशात घातला.

“दुकान काय, पुन्हा उभं करीन,” ते म्हणाले. “कायमची नोकरी पुन्हा कुठून आणू?”

जेवण सोडून बादल्या घेऊन धावणाऱ्या वऱ्हाडात एकानेही त्यांना वेड्यात काढलं नाही. दुकान निम्मं वाचलं, लग्न पुरतं लागलं.

आगीची चौकशी झाली. खारापाटसारख्या गावाला एकच आघात सहायक अपुरा पडतो, असा निष्कर्ष निघाला आणि दुसरं पद मंजूर झालं. शिक्षणाची अट नाही, मूठ वळता आली की पुरे. तुम्ही आत्ता हसलात, आणि हसता हसता घरी रिकामा बसलेला आपला भाचाही तुम्हाला आठवला. त्रिवेदीसाहेब सकाळी अकरानंतर भेटतात.