मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांचा स्वतःच्या उजव्या पायावर भलता विश्वास होता. "वैद्याला नाडी कळते तसा मला ब्रेक कळतो!" असं ते भेटेल त्याला ऐकवत. अर्धं आयुष्य त्यांनी शिकाऊ ड्रायव्हरच्या शेजारी बसून काढलं होतं. स्कूलच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. त्याच्या जोरावर मास्तरांनी आजवर कितीतरी माणसं, भिंती आणि एक अख्खं केशकर्तनालय वाचवलं होतं.

त्यामुळे मास्तरांच्या बायकोने, म्हणजे मास्तरीणबाईंनी, गाडी घेतली तेव्हा ती तपासणार कोण, हा प्रश्नच नव्हता. बाई पेशाने नर्स. गावाबाहेरच्या कारखान्याच्या दवाखान्यात त्यांना नोकरी लागली होती. तिथे बस जात नव्हती आणि सोमवारी सकाळी हजर झालं नाही तर जागा दुसरीला जाणार होती. लायसन्स हातात होतं, हातही चांगला बसला होता. पण "तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी एकटी गाडी नेणार नाही," असं बाई नवऱ्याला बोलून गेल्या. बोलल्या आणि फसल्या!

पहिल्याच फेरीला चौकात सिग्नल लाल झाला. मास्तरांनी पाय दाबला. काहीच लागेना!

"ब्रेक गेला!"

"अहो, थांबली की गाडी!"

"थांबली ती तिच्या मर्जीने! माझ्या पायाला काही लागलं नाही!"

आता तुम्ही म्हणाल, घरच्या गाडीत शेजारच्या सीटपुढे ब्रेक असतोच कुठे? नसतोच! मास्तर दाबत होते ती नुसती मॅट. पण खाली वाकून बघतील ते मास्तर कसले! "पायाकडे बघायचं नाही, रस्त्याकडे बघायचं," हा त्यांचा पहिला धडा, आणि तो त्यांनी स्वतः कधीच मोडला नव्हता.

गाडी ओळखीच्या मेकॅनिककडे गेली.

"ब्रेकच्या लाइनमध्ये हवा शिरलीय," मास्तरांनी निदान केलं. मेकॅनिकने हवा काढली, स्वतः चालवून पाहिली. ब्रेक खणखणीत! मग मास्तर शेजारी बसले.

"मऊच लागतोय!"

ब्रेक ऑइल बदललं. मऊच! पॅड बदलले. "पाय पार तळाला टेकतो रे!" पाइप कुठे गळतोय का ते बघायला मेकॅनिक दुपारी गाडीखाली शिरला आणि तिथेच त्याला झोप लागली. शेवटी मास्टर सिलिंडरही नवा बसवला. रविवारी संध्याकाळी त्या गाडीच्या ब्रेकांना अख्ख्या शहरात तोड नव्हती, आणि मास्तरांच्या पायाखालच्या मॅटला भोक पडलं होतं.

ते भोक आधी मेकॅनिकने पाहिलं, मग बाईंनी.

"वहिनी, सांगून टाकू का त्यांना?"

बाई रडकुंडीला आल्या होत्या. "नका हो! ते मॅट बदलायला सांगतील!"

"मग एक युक्ती आहे." मेकॅनिकने भंगारातून एक जुनं पेडल शोधलं, त्याला चांगली कडक स्प्रिंग लावली आणि ते मास्तरांच्या सीटपुढे स्क्रूने पक्कं बसवलं. कशालाही न जोडता!

सोमवारी सकाळी मास्तरांनी त्यावर पाय ठेवला. चेहरा उजळला.

"याला म्हणतात ब्रेक! आता मी हो म्हणायला मोकळा!"

बाईंनी आनंदाने गाडी काढली. मेकॅनिकही गंमत बघायला मागे बसला. दूरवर एक कुत्रं रस्ता ओलांडत होतं. मास्तरांनी कचकन ब्रेक दाबला. गाडी आपली चाललीच! कुत्रं निवांत पलीकडे पोचलं, पण मास्तर पांढरेफटक पडले.

"नवीन पद्धत आहे, मास्तर!" मेकॅनिक घाईघाईने म्हणाला. "दोघांनी एकदम दाबला तरच लागतो!"

मास्तर विचारात पडले. "वा! झकास सोय केलीस!"

मागच्या सीटवरून सुटकेचा निःश्वास ऐकू आला.

"पण मग," मास्तर म्हणाले, "हिला एकटीला कसं पाठवायचं? रोज मलाच बरोबर जायला हवं!"

बाईंनी गाडी कडेला घेतली. अलगद, जराही हिसका न देता.

"उतरा."

"अगं, पण ब्रेक..."

"दोघंही उतरा!"

दोघं उतरले. गाडी निघाली. पुढे चौक, सिग्नल लाल, आणि आडव्या रस्त्याने एक ट्रक धडधडत येत होता! मास्तरांनी उभ्या जागी उजवा पाय फुटपाथवर गच्च दाबला. "ब्रेक! अगं, ब्रेक!"

गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या आत व्यवस्थित थांबली. ट्रक समोरून निघून गेला.

"बघितलंस?" मास्तर घाम पुसत म्हणाले. "एवढ्या लांबून लागला!"

सिग्नल हिरवा झाला. मास्तरांचा पाय तसाच दाबलेला.

"मास्तर, पाय उचला," मेकॅनिक हळूच म्हणाला. "वहिनींना उशीर होतोय."

मास्तरांनी पाय उचलला. गाडी गेली.